जिंकलेली मुलगी खाली

लग्नात नवरा-नवरीला दुसऱ्यांदा हार घालायला लावणं हा आमच्या धंद्यात गुन्हा नाही, उलट तो शिष्टाचार आहे. पहिल्यांदा हार पडतो तेव्हा कुणाचा तरी मामा मध्ये येतो, कुणाचा तरी मोबाईल मध्ये येतो, अक्षता लेन्सवर आदळतात. मग मी हात वर करून म्हणतो, "एक मिनिट, पुन्हा एकदा घ्या, इकडं बघून." अख्खा मांडव थांबतो. भटजीसुद्धा थांबतात. नांदेडात वीसेक वर्षं मी हेच केलं. कन्यादानाचं पाणी मी दोनदा सोडायला लावलेलं आहे आणि एका वधूपित्याला तर दोनदा रडायला लावलं आहे. कुणी कधी तक्रार केली नाही.

ही सवय मी कुस्तीच्या हॉलमध्ये घेऊन गेलो, तिथून पुढचं सांगायचं आहे. सांगताना मान वर होत नाही, पण न सांगूनही बरीच वर्षं काढली तर ती कायमची खालीच राहील.

लग्नसराई संपली की आमचे कॅमेरे कपाटात जातात. अशाच रिकाम्या दिवसांत एका स्थानिक दैनिकाने खेळांचे फोटो द्याल का म्हणून विचारलं. मानधन नावालाच होतं, पण गाडीवर 'प्रेस' लिहायला मिळणार होतं, आणि चाळिशीतल्या माणसाला कशाची हौस असते ते विचारू नका. मैदानावरच्या क्रिकेट आणि खो-खोत काही अडचण आली नाही. आमच्याकडे ऊन फुकट मिळतं आणि पोटभर मिळतं. पंचाईत झाली ती छपराखाली गेल्यावर.

छपराखालच्या खेळाचं गणित सरळ आहे. झेपावणारा माणूस फोटोत गोठवायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटलं पाहिजे. एवढ्याशा वेळात पुरेसा उजेड आत यायचा तर लेन्सचं तोंड मोठं पाहिजे. माझ्या लांब पल्ल्याच्या लेन्सचं तोंड चिंचोळं होतं. लग्नात फ्लॅश लावला की ती चालून जायची. कुस्तीत फ्लॅश मारता येत नाही. पैलवानाचे डोळे दिपतात, पंच हाकलून देतात, आणि ते बरोबरच करतात. राहिला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड ओढून घ्यायची ताकद. तो फार वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

त्या दिवशी नांदेडला मुलींच्या विभागीय कुस्त्या होत्या. हॉल उंच पत्र्याचा, निम्म्या ट्यूबलाइट बंद, उरलेल्या थरथरणाऱ्या. पश्चिमेला दाराचं एक मोठं लोखंडी शटर उघडं होतं, तेवढाच काय तो खरा उजेड. मी लेन्स लावत होतो तेव्हा लातूरकडच्या मुलींच्या प्रशिक्षक मॅडम माझ्याजवळ आल्या. बरोबर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी होती. रेणापूरच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. केसांना घट्ट वेणी, हातात पाण्याची बाटली.

"सर, हिचा फोटो चांगला काढा बरं का," मॅडम म्हणाल्या. "घरचे लई कटकट करून राहिलेत. बापानं एकच वर्ष दिलंय. चुलता म्हणतो, पोरीच्या जातीनं कुस्त्या खेळाव्या का? आज जिंकली अन् पेपरात फोटो आला, तर राज्याच्या स्पर्धेला सोडतील. न्हाई तर घरी बसवतील."

"काढतो की," मी म्हणालो. ऐटीत म्हणालो. मुलगी माझ्या कॅमेऱ्याकडे असं बघत होती की जणू पंच तोच आहे.

ती जिंकली. अंतिम कुस्तीत तिच्यासमोर नायगावची मुलगी होती, अंगाने थोराड. पहिल्या फेरीत रेणापूरची मागे होती. दुसऱ्या फेरीत तिने काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण मी ते लेन्समधून पाहिलं आणि लेन्समध्ये मला फक्त लाल आणि निळा रंग दिसला. शिट्टी वाजली तेव्हा नायगावच्या मुलीचे दोन्ही खांदे मॅटला टेकलेले होते. मी तोवर चाळीसेक फोटो काढले होते. मागच्या पडद्यावर एकेक बघत गेलो. सगळे हललेले. ओलं चित्र कुणी तळहाताने पुसावं तसे.

तेव्हा मला घाम फुटला. आणि घाम फुटल्यावर मी नेहमी जे करतो तेच केलं. हात वर केला.

"पोरींनो, जरा इकडं दाराकडं या. तोच डाव पुन्हा एकदा करू. दोनच मिनिटं."

मॅडम पंचांच्या टेबलावर सह्या करत होत्या. शटरजवळ सरावाची एक मॅट अंथरलेली होती. रेणापूरची पळतच आली. नायगावची भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होती. तिने बाटलीचं झाकण लावलं, तोंड पुसलं आणि आली. मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकायचं, हे तिला कुस्तीच्या आधी शिकवलेलं असणार. मी सांगितल्याप्रमाणे ती उताणी पडली. दहा मिनिटांपूर्वी जी पाठ टेकू नये म्हणून ती जिवाच्या आकांताने लढली होती, ती तिने माझ्यासाठी आपणहून टेकवली. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी उजेड बघत होतो.

अडचण अशी झाली की जिंकलेलीला काही केल्या हसू आवरेना. बिचारी आनंदात होती. डाव धरला की दात दिसायचे, डोळे मिटायचे. "बेटा, जरा रागानं बघ," मी म्हणालो. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि फिस्सकन हसली. खाली पडलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर मात्र सगळं होतं. ओठ आवळलेले, जबडा घट्ट, डोळ्यांत पाणी आणि अंगार दोन्ही. मला जो जिंकणारा चेहरा पाहिजे होता तो हरलेल्या मुलीकडे होता.

"असं करा," मी म्हणालो, "उलटं घेऊन बघू. तू खाली हो, तू वर ये."

रेणापूरची थांबली. "काका, पण मी जिंकले नं."

"हाव गं बाई, सगळ्यांना माहिती हाय. नुसता फोटोच तर हाय. दोन्ही काढतो, चांगला येईल तो ठेवू."

ती खाली झाली. नायगावच्या मुलीने तिला जे दाबलं त्यात नाटक नव्हतं. कॅमेऱ्याच्या सावकाश शटरलाही तो फोटो मिळाला, कारण दोघी हलत नव्हत्या. दाराचा पिवळा उजेड वरच्या मुलीच्या गालावर होता.

संध्याकाळी दैनिकातून फोन आला, जागा कमी आहे, एकच पाठवा. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकात हसणारी मुलगी कुणाला तरी गुदगुल्या करत असल्यासारखी दिसत होती. दुसऱ्यात कुस्ती होती. मी दुसरा पाठवला. खाली ओळ लिहून दिली, 'विभागीय कुस्ती स्पर्धेतील चुरशीचा क्षण.' नावं घातली नाहीत. मुद्दाम घातली नाहीत. नकळत चूक झाली असती तर आज मला हे लिहायची वेळ आली नसती.

कुस्ती कळायला आमच्या भागात शाळेत जावं लागत नाही. जत्रेतला फड पाहिलेलं शेंबडं पोरही सांगेल, पाठ टेकली तो गेला. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं.

"सर, तो फोटो गावभर फिरून राहिलाय. मोबाईलवर सगळ्यांच्या. चुलता म्हणतो, पोरगी चीत पडलीय अन् पदक कशाचं घेऊन आली? मी प्रमाणपत्र दाखवलं. तर म्हणतो, कागद काय, कुठंबी छापून मिळतो. पेपरवाला कशाला खोटं छापल?"

मी समोरचा पेपर घडी घालून उलटा ठेवला.

"तुम्ही एकदा येऊन सांगा न सर. फोटोसाठी पाडलं होतं म्हणून. पेपरवाले म्हणून लई मान हाय तुम्हाला. राज्याची स्पर्धा अठरा दिवसांवर आलीय. बाप म्हणतो, गावात तोंड दाखवायला जागा न्हाई, न्हाई पाठवत."

"येतो की. नक्की येतो," मी म्हणालो.

नांदेडहून तिचं गाव मोटारसायकलने तीन तास. मी गेलो नाही. पहिल्या दिवशी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याचा अल्बम द्यायचा होता. तिसऱ्या दिवसापासून मी लेन्सच्या मागे लागलो.

हे त्या अठरा दिवसांतलं सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण आहे. माझी खात्रीच पटली होती की झाल्या गोष्टीचं मूळ त्या चिंचोळ्या लेन्समध्ये आहे. ती चांगली असती तर खरा डाव मिळाला असता, खरा डाव मिळाला असता तर मुलींना पुन्हा पाडावं लागलं नसतं. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी दुसऱ्यांना शेकडो वेळा ऐकवली असेल. स्वतःला एकदाही ऐकवली नाही. रोज दुकान उघडून व्हिडिओ लावायचो. पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स स्वस्त आणि मोठ्या तोंडाची, पण तिला घेऊन मॅटच्या काठावर, पंचाच्या पायात बसावं लागतं. सत्तर-दोनशेची मोठी लेन्स म्हणजे तोफ. लांबून सगळं टिपते, पण तिच्या भावात माझी गाडी आली असती. कुणी सांगायचं, लेन्स राहू द्या, मोठ्या सेन्सरचा जुना कॅमेरा घ्या, अंधारातही दाणे येत नाहीत. लातूरचा एक स्टुडिओवाला मित्र म्हणाला, पंच्याऐंशीची घे, एक पूर्णांक आठची, म्हणजे चांगल्या मोठ्या तोंडाची, कुस्तीला तेवढी बस होते. मी त्याच्याशी तासतासभर बोलायचो. त्याच्या दुकानापासून तिचं गाव अर्ध्या तासावर होतं. दोनदा तो म्हणाला, ये, लेन्स हातात घेऊन बघ. मी म्हणालो, सवड नाही.

बायको हे सगळं बघत होती. तिला मी प्रकरण सांगितलं होतं, अर्थात माझी बाजू जरा पुसून-पासून. एक दिवस माझ्यासमोर चहा ठेवून ती म्हणाली, "त्या पोरीच्या बापाला सांगायला तोंड लागतंय नुसतं. त्याला कुठली लेन्स लागती?"

मी तिच्यावर ओरडलो. तुला धंद्यातलं काय कळतं म्हणालो. ती आत निघून गेली. चहावर साय धरली तरी मी पडद्याकडे बघत बसलो होतो.

राज्याची स्पर्धा झाली. रेणापूरच्या मुलीच्या जागी राखीव मुलगी गेली. ती कोण होती? नायगावचीच. ही बातमीही मला मॅडमनेच सांगितली, सहज, दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा. मला एकदाही म्हणाल्या नाहीत की तुम्ही आला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो.

पुढच्या महिन्यात मी पंच्याऐंशीची लेन्स घेतली. सुंदर लेन्स. तिचं तोंड मांजराच्या डोळ्यासारखं उघडतं.

मॅडम मात्र माझ्यासारख्या नव्हत्या. मुलीच्या घरी त्या तीनदा गेल्या. तिसऱ्या वेळी बापाने पुन्हा एक वर्ष दिलं. हे शेवटचं, म्हणाला, आणि या वेळी जिंकलेली दिसली पाहिजे. पुढची विभागीय स्पर्धा लातूरला होती. तिथे ती मुलगी खेळणार हे मला माहीत होतं, आणि मला कुणी पाठवलं नव्हतं. मी स्वतःच्या खर्चाने गेलो. वाटेत रेणापूरकडे जाणारा फाटा लागला. थांबलो नाही. मनात म्हणालो, आधी खरा फोटो काढतो, मग तो घेऊनच जाईन.

लातूरचा हॉल पाहून मी हिरमुसलो. नवे पांढरे दिवे लागले होते, मॅटवर सावलीसुद्धा पडत नव्हती. माझी जुनी लेन्सही इथे कशीबशी चालून गेली असती. रेणापूरची अंतिम फेरीत आली. समोर देगलूरची मुलगी होती, बारीक, चपळ, बघता बघता पायात शिरणारी. पहिल्याच फेरीत रेणापूरच्या मुलीने तिला कमरेतून उचललं आणि मी बोट दाबलं. या वेळी मी सगळं पाहिलं. फोटोत घामाचे थेंब मोजता येत होते. देगलूरची मुलगी हवेत होती, उलटी, वेणी सुटलेली, डोळे विस्फारलेले. इतका खरा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

कुस्ती जिंकल्यावर रेणापूरची मुलगी माझ्याकडेच आली. वर्षभरात उंच झाली होती. मला वाटलं होतं, बघून तोंड फिरवेल. ती म्हणाली, "काका, फोटो आला का?"

मी तिला पडदा दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं.

"लई भारी आलाय," ती म्हणाली. "पण ह्याच्यात माझी पाठच दिसती."

खरं होतं. उचलणाऱ्याची पाठ आणि उचललेल्याचा चेहरा, असाच असतो तो डाव. वर्षभर लेन्सचा अभ्यास करून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुस्तीचा अभ्यास केला नव्हता.

"काका, तसा एक काढा न. मागल्या येळेसारखा. आता मी वर. घरी दाखवायचाय."

मी म्हणालो, "बाळा, फोटो राहू दे. मीच येतो तुझ्या घरी. मागं काय झालं होतं ते सगळं सांगतो तुझ्या बापाला, चुलत्याला. आजच येतो."

तिने मान हलवली. रागाने नाही, समजुतीने, जशी मोठी माणसं लहानांना समजावतात. "आता नका येऊ काका. मागचा खोटा होता म्हणलं तर ह्यो बी खोटाच म्हणतील. तवा आले असते तर बरं झालं असतं. आता फोटोच द्या."

तेवढ्यात तिनेच देगलूरच्या मुलीला हाक मारली. ती मुलगी सुटलेली वेणी बांधत आली. दोघींनी आपसात काहीतरी ठरवलं, आणि देगलूरची मॅटवर उताणी पडली. रेणापूरची तिच्यावर ओणवी झाली. आणि मग तिने चेहरा केला. कपाळाला आठ्या, आवळलेले ओठ. या वेळी ती हसली नाही. मला काही सांगावंच लागलं नाही. मीच शिकवलेलं होतं, ते तिने नीट पाठ केलं होतं.

मी नाही म्हणू शकलो असतो. मी कॅमेरा डोळ्याला लावला. खाली पडलेल्या मुलीचा चेहरा दिसला आणि मला नायगावची आठवली. मनात म्हणालो, निदान हिच्यावर तरी ती पाळी नको. म्हणून मी लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं. उजेडाची गरज नव्हती. पण तोंड पूर्ण उघडलं की फक्त एकच चेहरा धारदार येतो, हातभर अंतरावरचं सगळं विरघळून जातं. मी वरच्या मुलीच्या डोळ्यावर नेम धरला. खालची मुलगी धुक्यात गेली. निळा पोशाख, काळे केस, एवढंच. देगलूरला कुणी हा फोटो पाहिला तरी आपली पोर ओळखणार नाही, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं. पंच्याऐंशीची लेन्स घेतल्यापासून पहिल्यांदाच तिचा कुणाला तरी उपयोग झाला, असा विचार मी केला.

रेणापूरची फोटो मोबाईलवर घेऊन पळाली. तो फोटो घरी चालला. बापाने तो फ्रेम करून घेतला म्हणे, आणि ती राज्याला गेली. हे मी आनंदाने सांगू शकलो असतो.

कॅमेरा पिशवीत घालत होतो तेव्हा देगलूरची मुलगी माझ्यासमोर उभी होती. हातात मोबाईल, काच तडकलेली.

"काका, मी पण आले न त्याच्यात? मला पण पाठवा. आमच्या घरी कुणीच मला खेळताना बघितलं न्हाई. मायला दाखवते. हरले तर हरले, मॅटवर तर हाय न?"

मी हो म्हणालो. नांदेडला आल्यावर कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा पाहिले. तिचा चेहरा लख्ख दिसणारा एकच फोटो माझ्याकडे होता, तो हवेतला, उलटा, भेदरलेला. तो आईला दाखवायला देववेना. मग मी दुसराच पाठवला, धुक्यातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. 'काका ह्याच्यात मी दिसंना.'

मी लिहिलं, 'हॉलमध्ये उजेड फार कमी होता बेटा.'

तिने लगेच उत्तर दिलं. 'असू द्या काका. तुमचा काय दोष.'